रास खळ्यात, बिल दवाखान्यात

आमच्या घरी लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. शेतीचा जमाखर्च लिहून ठेवायची सवय वडिलांनी लावली आणि त्यांच्यामागे ती वही माझ्याकडे आली. बी कितीचे आणले, खताची गोणी कितीला पडली, खुरपणीला बाया किती होत्या, आडत्याची पट्टी किती रुपयांची आली, हे सारे तीत सापडते. २०१७ सालच्या एका पानावर मात्र शेतीतले काहीच नाही. ते सबंध पान दवाखान्याचे आहे. आज ते वाचकांपुढे उघडतो आहे. घरचा हिशेब चारचौघांत मांडू नये म्हणतात, परंतु असले एखादे पान नाही असे घर आमच्या गावात तरी शोधावे लागेल.

आमचे गाव लातूर जिल्ह्यातले. दसरा होऊन आठवडा झाला होता. सोयाबीन काढून गंजी लागलेल्या, मळणीयंत्राचा नंबर उद्यावर आलेला. पहाटे चारच्या सुमारास दादांच्या छातीत कळ आली. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, तेव्हा वय बावन्न. आधी वाटले, पित्त असेल. वहिनींनी ओवा आणि काळे मीठ दिले. अर्ध्या तासाने अंगाला दरदरून घाम सुटला तेव्हा मी गावातल्या डॉक्टरांचे दार वाजवले. त्यांनी एक सुई टोचली, ओळखीची जीप बोलावली आणि शहरातल्या एका रुग्णालयाचे नाव सांगितले. "तिथंच न्या, मी फोन करून ठेवतो." त्या घटकेला ते आम्हाला देवासारखे वाटले. १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावते आहे हे मला ठाऊक होते, तरी त्या पहाटे आठवले नाही.

रुग्णालयाच्या खिडकीवर एक पोरगा बसला होता. त्याने विचारले, "पेशंट कॅश का विमा?" मी म्हणालो, कॅश. पन्नास हजार डिपॉझिट भरा, म्हणाला. किती लागतील, कशाकशाचे लागतील, सरकारच्या एखाद्या योजनेत बसते का, यातले काहीही मी विचारले नाही. वहिनी जिन्याच्या पायरीवर पदर तोंडात धरून बसल्या होत्या आणि बाजारात बैल घेताना शंभर रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारा मी पन्नास हजारांवर हूं की चूं न करता सही करून मोकळा झालो.

अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसवला, पाचव्या दिवशी दादा चालत घरी आले. हे मुद्दाम आधी लिहितो. डॉक्टरांच्या हाताला यश होते, त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. पुढचा हिशेब मांडताना कोणाला असे वाटू नये की माणूस वाचल्याचे मोल हा रुपयात करतो आहे.

आता वहीतले पान. गावातले डॉक्टर ६०० रुपये, जीप २,५००, रुग्णालयाचे बिल १,८६,०००, बाहेरून आणलेली औषधे व तपासण्या १४,३००, आणि आम्हा तिघा-चौघांचे पाच दिवसांचे खाणे, राहणे, जाणे-येणे ९,६००. एकूण २,१३,००० रुपये.

त्याच पानाच्या उजव्या बाजूला हे पैसे कोठून आले ते लिहिले आहे. घरातली आणि बँकेतली रोकड २८,०००. सोयाबीन वीस क्विंटल, ओलीच, वाळवायला उसंत न घेता २,८०० च्या भावाने घातली, तिचे ५६,०००. बैलजोडी ५४,०००. धाकट्या बहिणीने दिलेले बिनव्याजी १५,०००. आणि उरलेले ६०,००० शेकडा तीन रुपये महिना व्याजाने, कोणाकडून ते लिहीत नाही.

पुष्कळ घरी हिशेब येथेच संपतो. लोक सांगतात, "दोन लाख गेले." आमच्या घरीही बरेच दिवस असेच म्हणत असू. पुढल्या वर्षी एकदा वही उलटताना माझ्या लक्षात आले की गेलेल्या पैशाची शेपटी अजून हलतेच आहे, म्हणून मी तीही मोजली. जी सोयाबीन आम्ही ओली विकली तिला माघात ३,६०० चा भाव होता. क्विंटलमागे ८०० प्रमाणे १६,००० रुपये गेले. दिवाळीच्या तोंडावर गरजेपोटी विकलेली बैलजोडी ५४,००० ची, आणि अक्षय तृतीयेला तशीच जोडी घ्यायला मोजले ७८,०००, गेले २४,०००. बैल नाहीत, माणूस नाही, म्हणून विहिरीखालचा दोन एकर हरभरा पेरायचाच राहिला. दहा क्विंटल धरा, तेव्हाच्या ३,६०० च्या भावाने ३६,०००, त्यातून खर्चाचे १४,००० वजा जाता २२,००० हातचे गेले. आणि त्या साठ हजारांचे व्याज महिना १,८०० प्रमाणे अठ्ठावीस महिने भरले, म्हणजे ५०,४००. मुद्दल शेवटी २०२० च्या फेब्रुवारीत फिटले.

ही शेपटी १,१२,४०० रुपयांची निघाली. म्हणजे २,१३,००० चे दुखणे आम्हाला ३,२५,४०० ला पडले. वरचे पैसे काही रुग्णालयाने घेतले नाहीत. ते आडतीत गेले, बैलबाजारात गेले, सावकाराकडे गेले आणि काही नुसते पडीक रानात गेले. नोकरदाराच्या घरी आजारपण येते तेव्हा त्याचा पगार पहिल्या तारखेला येतोच. आपल्याकडे आजारपण हंगामात आले तर हंगामही घेऊन जाते, आणि हंगामाबाहेर आले तर घरात विकायलाही काही नसते.

केंद्र सरकारच्या नमुना पाहणीत २०१७-१८ सालचे आकडे आहेत. बाळंतपण सोडून, रुग्णालयात दाखल होण्याच्या एका वेळचा देशातला सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये. खेड्यातल्या घरांनी या खर्चापैकी सुमारे ८० टक्के पैसा उत्पन्नातून अथवा बचतीतून आणि सुमारे १३ टक्के कर्जाऊ आणला, असेही त्यात म्हटले आहे. "बचत" हा शब्द वाचून मला आमची ओली सोयाबीन आठवली. ती कोणत्या रकान्यात लिहायची?

अनिरुद्ध कृष्ण नावाचे एक अभ्यासक आहेत. पूर्वी ते सनदी नोकरीत होते, नंतर अमेरिकेत प्राध्यापक झाले. राजस्थान, गुजरात आणि आंध्रातल्या खेड्यापाड्यांत त्यांनी एक साधा प्रश्न घेऊन घरे धुंडाळली: पूर्वी बरी असलेली जी घरे आज गरिबीत घसरली, ती कशाने घसरली? दारू, आळस, उधळपट्टी अशी उत्तरे आपण पारावर बसून देत असतो. त्यांना सर्वांत अधिक वेळा मिळालेले उत्तर होते आजारपण आणि त्याचा खर्च.

बिलाच्या पोटात काय असते

दादा घरी आल्यावर मी ते बिल एका ओळखीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. माणूस स्पष्टवक्ता. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि स्टेंटच्या ओळीवर बोट ठेवले. "ही किंमत रास्त आहे. सरकारनं बांधून दिली आहे." आणि ते खरे होते. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी तोच लाख-सव्वा लाखाला लावला जाई. "पण हे बघा," ते पुढे म्हणाले, "फुगा, तार, नळी, हातमोजे, सिरिंज. यांच्या किमती कोणी बांधल्या नाहीत."

औषधाच्या वेष्टनावर छापलेल्या किमतीचा आणि दुकानदाराला ते पडलेल्या किमतीचा संबंध किती सैल असतो हे कीटकनाशकाच्या बाटल्या घेणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको. मोठे रुग्णालय ठोक खरेदी करते, त्याला माल छापील किमतीच्या काही अंशाने मिळतो, आणि रुग्णाला तो छापील किमतीने लावला जातो. कायद्याच्या दृष्टीने यात चोरी नाही, कारण छापील किमतीपेक्षा जास्त घेतलेले नाही. त्याच प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार नामांकित खासगी रुग्णालयांची बिले तपासली. काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला, आणि बिलातला जवळजवळ निम्मा भाग औषधे, साहित्य आणि तपासण्या यांचा निघाला. आपल्या मालाचा भाव घेणारा ठरवतो, आणि हा माल घेताना मात्र विकणारा ठरवतो. दोन्हीकडे आपण काट्याच्या हलक्या पारड्यात.

दुसरी बाजूही त्या डॉक्टरांनी सांगितली. ते म्हणाले, "माझ्या वीस खाटा आहेत. त्यातल्या पाच रिकाम्या राहिल्या म्हणून नर्सचा पगार कमी होत नाही, विजेचं बिल कमी होत नाही, मशीनचा हप्ता थांबत नाही." मला एकदम आपला साखर कारखाना आठवला. कारखान्याला रोज ठरावीक टन ऊस लागतोच. गाळप कमी झाले की तोटा सुरू. मग कारखाना काय करतो? लांबून ऊस आणतो, टोळ्यांना उचल देतो, गेटकेनला भाव वाढवून देतो. रुग्णालयाचेही तसेच आहे. खाटा भरलेल्या हव्यात आणि महागडे यंत्र फिरते हवे. त्यातून तपासण्या वाढतात, एका दिवसाचे मुक्काम तीन दिवसांचे होतात, आणि रुग्ण पाठवणाऱ्याला वाटा देण्याची ती रीत निघते जिला सगळे "कट" म्हणतात आणि जी पावतीवर कोठेच दिसत नाही. आमच्या गावच्या डॉक्टरांना तसा काही मिळाला की नाही मला ठाऊक नाही. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

बाळंतपणाचेच पाहा. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात सरकारी दवाखान्यातल्या शंभर बाळंतपणांत सुमारे १४ पोट चिरून झाली, तर खासगी दवाखान्यांतल्या शंभरांत ४७. खासगीत अडलेल्या बाया जास्त जातात हे मान्य केले तरी एवढा फरक बाईच्या शरीरातून आलेला नाही.

ज्वारी देऊन विमा

या कोड्यातून वाट काढण्याचा एक प्रयोग आपल्याच राज्यात, वर्ध्याजवळ सेवाग्रामला झाला. तेथील कस्तुरबा रुग्णालयातले डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या आसपास भोवतालच्या खेड्यांत ज्वारीचा आरोग्य विमा सुरू केला. कल्पना अगदी शेतकऱ्याच्या डोक्यातून निघावी अशी. रोख पैसा आपल्याकडे बारा महिने नसतो, पण सुगीला खळ्यात धान्य असते. तेव्हा प्रत्येक घराने सुगीच्या वेळी ज्वारी द्यायची. ज्याची जमीन अधिक त्याने अधिक, भूमिहीनाने थोडी. अकस्मात दुखणे आले तर रुग्णालयात उपचार मोफत. आधीपासून कळणाऱ्या दुखण्याला, म्हणजे मोतीबिंदू, अंतर्गळ असल्यांना, थोडा भाग स्वतः भरायचा.

त्यात एक अट होती आणि सगळी मेख तिथेच आहे. गावातल्या थोड्याथोडक्या घरांनी सामील होऊन चालायचे नाही, बहुतेक गाव आत आले पाहिजे. चारांतली तीन घरे. असे का? समजा ज्यांच्या घरी आधीच आजारी माणूस आहे तेवढेच ज्वारी घेऊन आले, तर पहिल्या सहा महिन्यांत कणगी रिकामी. धडधाकट घरानेही माप टाकले तरच आजारी घराचे भागते. आज ज्याचे भागले तो उद्या दुसऱ्यासाठी माप टाकतो. मोठमोठ्या विमा कंपन्यांची गणिते याहून निराळी नाहीत, फक्त तिथे ज्वारी दिसत नाही. शिवाय रुग्णालय त्यात नफ्यासाठी बसलेले नव्हते, ही गोष्ट वेगळी आणि महत्त्वाची.

मला या प्रयोगातली एक गोष्ट फार आवडते. माणूस ठणठणीत असतो, रास खळ्यात असते, आणि डोके थंड असते, तेव्हाच दुखण्याचा खर्च बाजूला काढला जातो. आम्ही तो काढला दुखणे छातीवर बसल्यावर.

पांढरे कार्ड आणि सातबारा

दादांच्या दुखण्यानंतर चार महिन्यांनी त्यांना दाखवायला आम्ही एका सरकारी रुग्णालयात गेलो होतो. आत शिरताच एका टेबलाशी एक तरुण मुलगी बसली होती, पाठीमागे महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचा फलक. आरोग्यमित्र म्हणतात तिला. तिने दादांचे कागद पाहून विचारले, "योजनेतून का नाही केलं?" मी म्हणालो, "बाई, आमचं कार्ड पांढरं." ती म्हणाली, "पण शेतकरी आहात ना? सातबारा आहे ना?"

ही योजना २ जुलै २०१२ रोजी आधी आठ जिल्ह्यांत आणि पुढल्या वर्षी सबंध राज्यात, राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती. २०१७ मध्ये नाव बदलले. पिवळ्या आणि केशरी कार्डासाठी ती आहे एवढेच आम्ही ऐकून होतो. परंतु मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा अवर्षणग्रस्त, आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतले पांढऱ्या कार्डाचे शेतकरीही सातबारा दाखवून तीत बसत होते, आणि त्या चौदांत लातूर होते. वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाचे संरक्षण होते आणि स्टेंट बसवण्याची शस्त्रक्रिया यादीत होती. फक्त रुग्णालय योजनेत अंगीकृत असले पाहिजे. आम्ही गेलो ते नव्हते. जीपने आणखी वीस मिनिटे गेलो असतो तर असलेले होते.

वहिनी त्या टेबलापाशी काही बोलल्या नाहीत. एस.टी.त बसल्यावर म्हणाल्या, "म्हंजे बैल उगंच गेले." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, मी अजून काढतो.

आता नियम पुष्कळ सैल झाले आहेत, म्हणून ते नीट सांगतो. २०२३ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला आणि २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबे या योजनेत आली. केंद्राच्या आयुष्मान भारतशी ती जोडलेली असून संरक्षण वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचे आहे. सत्तर वर्षांवरील सर्व वृद्धांना, उत्पन्न काहीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने वेगळे कार्ड देऊ केले. मात्र यात नुसते तपासून घेणे, ताप-खोकल्याच्या गोळ्या हे धरत नाहीत. ठरलेल्या यादीतले आणि बहुतेक दाखल होऊन घ्यायचे उपचार धरतात. यादीतले काही उपचार केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवले आहेत. एखादे रुग्णालय हृदयासाठी अंगीकृत असेल आणि हाडासाठी नसेल. म्हणून रुग्णालयाच्या दारात "योजना आहे का" एवढेच विचारून भागत नाही. "या दुखण्यासाठी आहे का" हे आरोग्यमित्राला विचारावे. रात्री-अपरात्री कागद जवळ नसले तरी तातडीच्या रुग्णाला फोनवरून नोंदवून उपचार सुरू करता येतात, कागद मागून द्यायचे. योजनेत बसलेल्या उपचाराचे पैसे रुग्णालयाने मागायचे नाहीत. मागितले तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. रुग्णालयेही कुरकुरतात, सरकारचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा येतात म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. योजनेच्या खाटा भरल्या असे उत्तर मिळते ते कधी खरे असते आणि कधी या कुरकुरीतून आलेले असते.

दुसरे एक दार आपल्याला ठाऊकच नसते. ट्रस्टची म्हणजे धर्मादाय रुग्णालये. बाहेरून ती चकचकीत दिसतात आणि आपण पायरी चढत नाही. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने आखून दिलेल्या आणि १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या आहेत. त्यासाठी प्रत्येक बिलातले दोन टक्के एका वेगळ्या निधीत टाकायचे असतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मात्र लागतो, आणि तो माणूस खाटेवर पडल्यावर काढायला गेलात तर तलाठी सज्जावर असेलच असे नाही. तातडीचा रुग्ण असेल तर या रुग्णालयांनी डिपॉझिट न मागता त्याला आत घेऊन जीव वाचवण्यापुरते उपचार आधी केले पाहिजेत.

साध्या खासगी दवाखान्यातही आपण अगदीच निराधार नाही. २०२१ मध्ये राज्याने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. मुख्य मुख्य दर फलकावर लावणे आणि रुग्णाच्या हक्कांची सनद दर्शनी जागी टांगणे त्यात आहे. ओळवार बिल मागणे हा उद्धटपणा नाही. बिल थकले म्हणून मृताचे शरीर अडवून ठेवता येत नाही. हे शेवटचे वाक्य लिहिताना हात थांबतो, पण ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांनी ते वाक्य आधी वाचलेले नव्हते.

देशाचे मोठे गणित पाहिले तर चित्र थोडे पालटते आहे. आरोग्यावर खर्च होणाऱ्या शंभर रुपयांतले २०१३-१४ साली ६४ रुपये लोक स्वतःच्या खिशातून देत होते; २०२१-२२ साली ते ३९ वर आले, असे सरकारी आरोग्य-लेखे सांगतात. राहिलेले ३९ कोणाच्या खिशातून जातात हे मात्र त्या आकड्यात नाही.

वहिनींची पाळी

२०२४ च्या माघात वहिनींना बेंबीजवळ गाठ आली. अंतर्गळ निघाला. खासगीत साठ-पासष्ट हजार सांगितले. दुखणे घाईचे नव्हते आणि या वेळी आम्हीही घाई केली नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरसकट सगळे मोफत झाले आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात नाहीत, ती वेगळ्या खात्याची. आम्ही एका उपजिल्हा रुग्णालयात नाव घातले.

सगळे सुरळीत झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. सोनोग्राफीचे यंत्र होते, चालवणारे डॉक्टर दोन वारीच येत. पहिली तारीख दिली त्या दिवशी भूल देणारे आले नाहीत, उपाशी पोटी वहिनी परत आल्या आणि दादांनी सरकारला यथेच्छ शिव्या घातल्या. संडासाची अवस्था सांगण्यासारखी नव्हती. एक औषध भांडारात नव्हते, बाहेरून आणावे लागले. पण चैत्रात रान मोकळे होते, हरभरा निघाला होता, पुन्हा खेपा घालायला आम्हाला वेळ होता, आणि शल्यचिकित्सकांचा हात खासगीत असतो तितकाच चांगला होता. टाके आठव्या दिवशी निघाले.

त्या दुखण्याचे वहीत तीन ओळींत मावले. एस.टी. आणि रिक्षा १,२६०, बरोबरच्या माणसांचे खाणे १,४००, बाहेरचे औषध ४८०. एकूण ३,१४० रुपये. विकले काही नाही, गहाण काही नाही.

तेव्हापासून देव्हाऱ्याखालच्या फडताळात एक प्लास्टिकची पिशवी असते. शिधापत्रिका, सगळ्यांचे आधार आणि आयुष्मान कार्ड, दरवर्षी मार्चनंतर नवा काढलेला उत्पन्नाचा दाखला, सातबाराचा उतारा, दादांचा हृदयाचा जुना अहवाल, आणि एका कागदावर माझ्याच अक्षरात चार रुग्णालयांची नावे, कोणते कशासाठी अंगीकृत आहे ते लिहिलेली. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीवर एकाला साप चावला. १०८ यायला पस्तीस मिनिटे लागली. तेवढ्या वेळात त्याच्या बायकोला शिधापत्रिका सापडेना. ती दुकानदाराकडे राहिली होती.

दादांच्या गोळ्या जन्मभराच्या आहेत. प्रथम त्या नामांकित कंपनीच्या लिहून दिल्या होत्या, महिन्याला हजाराच्या घरात जात. पुढे त्याच नावाचे औषध जनऔषधी दुकानातून घेऊ लागलो तेव्हा खर्च चौथाईवर आला. रक्तदाबाची गोळी तर आता प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच मिळते. ती गोळी २०१७ च्या आधी पाच वर्षे त्यांनी घ्यायला हवी होती, असे डॉक्टर म्हणतात. पण रक्तदाब मोजायला चांगला धडधाकट माणूस कामधंदा सोडून जातो कशाला?

यंदाच्या पाडव्याला वहीचे नवे पान आखताना बी, खत, मजुरी, औत-भाडे यांच्या शेजारी दादांनी स्वतःच्या हाताने एक रकाना जास्त ओढला आणि वर लिहिले, दवाखाना. त्यात आजवर एकच नोंद पडते आहे. रक्तदाबाच्या गोळ्या, आरोग्य केंद्र, रुपये शून्य. आणि खाली जाण्या-येण्याचे भाडे, तीस रुपये.